बियाण्याची सोयरीक

मार्गशीर्ष लागला, की सुरतेत पोंकाच्या भट्ट्या पेटतात. जुवारीची कोवळी कणसे निखाऱ्यावर भाजायची, कापडी पिशवीत घालून काठीने झोडपायची, फोलपट पाखडून टाकायचे आणि खाली उरलेला हिरवा, दुधाळ दाणा लिंबू-मिऱ्याच्या शेवेबरोबर गिऱ्हाइकापुढे ठेवायचा; हा धंदा येथे जेमतेम दोन-अडीच महिने चालतो. माघ सरता सरता भट्ट्या निवतात. आपल्या मंडळींना हा पदार्थ परका वाटण्याचे कारण नाही. देशावर आणि खानदेशात आपण ज्याला हुरडा म्हणतो, त्याचेच हे शहरात वाढलेले भावंड. हुरडा गोवऱ्यांच्या आगटीत भाजून तळहातावर चोळतात आणि शेताच्या बांधावर बसूनच खातात; पोंक तोलून, पुडीत बांधून घरी नेता येतो. सुरतेला शेतापेक्षा तराजू जवळचा, हे ओघानेच आले!

हुरड्यासाठी महाराष्ट्रात पूर्वापार जे वाण राखले गेले, त्यांत गुळभेंडी, कुचकुची, काळी दगडी ही नावे ऐकू येतात. आणि त्याच ओळीत ‘सुरती’ असेही एक नाव येते. मराठवाड्यातल्या एखाद्या शिवारात शेतकऱ्याने ‘यंदा दोन ओळी सुरती पेरली आहे’ असे सांगावे, हे आम्हां सुरतकरांना ऐकायला मोठे मौजेचे वाटते. बियाण्याची नावे पुष्कळदा अशीच पडतात. नव्या सुनेला तिच्या माहेरच्या गावावरून ओळखावे, तसे वाणाला तो जेथून आला त्या गावाचे नाव चिकटते आणि पुढे कितीही पिढ्या तो नव्या मातीत नांदला, तरी ते सुटत नाही.

सुनेची उपमा आम्ही केवळ शोभेसाठी दिलेली नाही. बी हे बाजारातून फार उशिरा फिरू लागले. त्यापूर्वी ते सोयरिकीतून फिरत असे. लेक सासरी गेली, की तिच्या ओटीबरोबर माहेरचे भोपळ्याचे, वालाचे, ज्वारीचे चार दाणे जात. यात्रेला गेलेला माणूस परगावचे टपोरे कणीस उपरण्यात बांधून आणी. पेरणीच्या तोंडावर ज्याच्या घरचे बी किडले, तो शेजाऱ्याकडून नेई आणि सुगीत सवाईने, कधी दिढीने परत करी. याला कोणी संस्था म्हटले नाही की त्याचे दप्तर ठेवले नाही. आज कृषिशास्त्रज्ञ ज्याला ‘स्थानिक बियाण्यांचे जाळे’ म्हणतात, ते मुळात हेच. आपल्या धान्यांत जी विविधता आली, ती कोण्या एकाच्या कोठारात निर्माण झाली नाही. ती अशा देवघेवीत वाढली.

आमच्या येथील बहुतेक घरांची मुळे खानदेशात आहेत. सुरत-भुसावळ हा तापी खोऱ्यातला लोहमार्ग १९०० च्या सुमारास झाला आणि नंदुरबार, दोंडाईचे, अमळनेर या गावांना सुरत जवळची झाली. पुढे कापडाच्या धंद्याने माणसे ओढली. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत आज अहिराणी इतकी सहज कानांवर येते, की नवखा पाहुणा आपण गुजरातेत उतरलो आहोत हेच विसरावा. ज्या गाडीने माणसे आली, त्याच गाडीने मागाहून धान्य येत राहिले. त्यात मुख्य असे ती दादर.

दादर म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. परंतु ज्या घरांत आता पाकिटातले पीठ येते, तेथील मुलांसाठी दोन शब्द लिहिणे भाग आहे. दादर ही तापीकाठच्या खोल काळ्या जमिनीतली रब्बी ज्वारी. पावसाळा सरता सरता पेरायची. पुढे पाणी द्यायचे नाही. जमिनीने पोटात धरलेली ओल आणि पहाटेचे दंव एवढ्यावर ती उभी राहते. दिवस लहान होत चालल्याची खूण तिला कळते आणि ठरल्या वेळी ती निसवते. दाणा मोत्यासारखा पांढरा, भाकरी मऊ आणि गोडसर, कडबा असा की बैल गव्हाणीत मागे काही ठेवीत नाही. कळण्याच्या भाकरीला उडदाबरोबर हीच दळावी, बिबडे करायचे तर हीच भरडावी, असा आमच्या घरचा दंडक होता. चैत्रात गच्चीगच्चीवर बिबडे वाळत घातलेले असत, त्या दिवसांत लिंबायतेतल्या गुजराती शेजारणीही हक्काने ओले बिबडे मागून नेत.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. वाणांची निवड शेतात होते असे आपण समजतो. वस्तुतः तिचा निम्मा भाग स्वयंपाकघरात होतो. भाकरीला एक ज्वारी, लाह्यांना बारीक कठीण दाण्याची दुसरी, हुरड्याला गोड आणि बोंडातून चटकन सुटणारी तिसरी, गुरांच्या वैरणीला उंच ताटाची चौथी. ही मागणी घरातल्या बायका करीत, आणि म्हणून पुरुष मंडळींना शेतात चार प्रकार पेरणे भाग पडे. ज्या दिवशी ‘ज्वारी ती ज्वारी’ असे घर म्हणू लागले, त्या दिवशी शेतातला चौथा, तिसरा आणि मग दुसरा प्रकारही गेला. हे जाळे तुटले ते केवळ शेतकऱ्याच्या टोकाला तुटले नाही. खाणाऱ्याच्या टोकालाही तुटले, आणि ते टोक पुष्कळ अंशी आपल्यासारख्या गाव सोडून आलेल्यांच्या हाती होते.

संकरित ज्वारीला दोष देण्याची एक चाल पडून गेली आहे. आम्हांला ती पूर्ण न्यायाची वाटत नाही. १९६४ साली ‘सीएसएच-१’ हा भारतातला पहिला संकरित ज्वारीचा वाण आला, तेव्हा देशात धान्याचा तुटवडा होता. पुढे १९७२ च्या दुष्काळात परदेशातून आलेली तांबडी मिलो रेशनवर रांग लावून घेतलेली माणसे आपल्यात अजून आहेत. तिच्या भाकरीची चव त्यांना विचारावी. म्हणजे त्या काळी एकरी दुप्पट उतरणाऱ्या ज्वारीचे मोल काय होते, ते समजेल. खरिपातला तो संकरित दाणा पक्व होताना पावसात सापडून काळा पडे, भाकरीला चव नसे, म्हणून ‘हायब्रीड’ हा शब्द खानदेशात कमअस्सल या अर्थानेच रूढ झाला. पण त्याने पोटे भरली हेही खरे.

नुकसान झाले ते निराळ्याच ठिकाणी. संकरित पिकाचा दाणा पुढल्या वर्षी पेरला, तर पीक एकसारखे येत नाही. आजोळचे आणि आजोबांचे गुण वेगवेगळे होऊन बाहेर पडतात. म्हणून बी दरसाल दुकानातून आणावे लागते. घरचे बी राखण्याची गरज संपली, तशी ते राखण्याची विद्याही एका पिढीत विसरली गेली. आणि शेजाऱ्याला सवाईने देण्याजोगे कोणाजवळ काही उरलेच नाही. सोयरीक मोडली ती अशी, भांडण न होता.

ती विद्या काय होती, हे आम्हांला कळले ते आमच्या एका चुलतवहिनींमुळे. त्या अमळनेरच्या बाजूच्या एका लहान गावात असतात. शेत बारा एकर. त्यातले दोन एकर त्या अजून दादरीखाली ठेवतात. कापणीपूर्वी आठ दिवस त्या स्वतः शेतात फिरतात आणि मनाजोगत्या कणसांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधतात. बांधालगतचे कणीस कितीही टपोरे असो, त्याला चिंधी नाही. आम्ही कारण विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, की कडेचे कणीस पलीकडच्या शेताशी बोलते. शास्त्राची पुस्तके हेच सांगतात: ज्वारी बहुतांशी आपल्याच परागावर दाणा धरते, तथापि शेकडा पाच-दहा फुले वाऱ्याने आलेला परका पराग घेतात. नागली या बाबतीत फार सोवळी, तिच्यात भेसळ सहसा होत नाही. बाजरी अगदी उलट, तिला शेजारचाच पराग लागतो, म्हणून चार कणसांवर बाजरीचा वाण राखता येत नाही. प्रत्येक धान्याची अशी आपली रीत आहे आणि ती जाणल्यावाचून बी राखता येत नाही.

याहून विशेष हे, की वहिनी सगळी कणसे एकसारखी निवडीत नाहीत. काही आठ दिवस लवकर पिकणारी, काही उशिराची, एखाद-दुसरे सैल कणसाचे, बरीचशी घट्ट. अशी शंभरावर ताटांची कणसे त्या घेतात. आम्हांला वाटले होते की सर्वांत मोठे असेल तेवढेच बियाण्याला घ्यावे. त्यांनी हसून सांगितले, की घरात सगळेच एका स्वभावाचे असले तर एका दुखण्याने सगळेच आडवे होतील. थंडी उशिरा पडली तर उशिराची साधतात; ओल लवकर आटली तर आधी पिकणारी निभावतात; खडखड्या रोगाने काही ताटे कोलमडली तरी काही उभी राहतात. दादर हा एक वाण आहे असे आपण बोलतो. खरे तर ते एक भरले घर आहे. अठराविश्वे गुणांची ताटे त्यात एकत्र नांदतात, आणि म्हणूनच पीक फार मोठे न उतरले तरी अगदीच बुडाले असे क्वचित घडते.

निवडलेली कणसे त्या उन्हात वाळवतात, हाताने झोडतात, कडुनिंबाचा वाळला पाला आणि चुलीची चाळलेली राख मिसळून मातीच्या मडक्यात भरतात, तोंड शेणामातीने लिंपतात. यात औषध नाही, यंत्र नाही. मात्र मन लावून आठ-दहा दिवस द्यावे लागतात, आणि ते दिवस नेमके सुगीच्या घाईचे असतात. 

आता २०१४ ची गोष्ट. त्या वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात गारपिटीने जो हाहाकार केला, तो वाचकांना आठवत असेल. वहिनींच्या शिवारात दादर कापणीला आली होती. पंधरा-वीस मिनिटांत कणसे मोडून मातीत गेली आणि उरली ती पुढल्या पावसाने काळवंडली. बियाण्याच्या चिंध्या बांधलेली ताटेही त्यातच. मडक्यात मागल्या सालचे जे थोडे होते, त्याला कीड लागलेली निघाली. तीन पिढ्यांचे बी त्या दिवशी त्या घरातून गेले.

परंतु दोन वर्षांपूर्वी त्यांनी आपल्या नणंदेला दोन पायल्या बी दिले होते. नणंद तापीपलीकडे, शिरपूर तालुक्यात. गारा पट्ट्यापट्ट्याने पडतात. तिचे शेत वाचले होते. निरोप गेला आणि दसऱ्याच्या आत चार पायल्या दादर घरी आली. उसने नव्हते, त्यामुळे हिशेबही नव्हता. त्या बियात काही कणसे तांबूस झाकेची निघाली, तिकडच्या कोणत्या तरी ज्वारीचा वारा लागला असावा. वहिनींनी ती दोन वर्षे वेगळी ठेवून भाकरी करून पाहिली, चवीत उणे नाही असे ठरवले आणि राहू दिली. माहेरी जाऊन आलेली लेक थोडी बदलून येतेच, असे त्यांचे म्हणणे.

हे लिहिताना आम्हांला एक फार दूरची घटना आठवते. सीरियातल्या अलेप्पो शहराजवळ गहू, बार्ली, मसूर इत्यादी कोरडवाहू पिकांच्या बियाण्याचे एक मोठे आंतरराष्ट्रीय भांडार होते. तेथे युद्ध पेटले आणि शास्त्रज्ञांना ते सोडावे लागले. सुदैवाने त्यांनी आपल्या बियाण्याच्या प्रती उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटावर, २००८ साली उघडलेल्या जागतिक बियाणे-कोठीत ठेवल्या होत्या. २०१५ मध्ये त्यांनी त्या परत मागवल्या, लेबनॉन आणि मोरोक्को येथे पेरल्या आणि पुढे नवे बी पुन्हा त्या बर्फातल्या कोठीत नेऊन ठेवले. एवढा मोठा जगाचा कारभार. पण युक्ती तीच, जी आमच्या वहिनींच्या नणंदेकडून साधली गेली. आपल्या घरचे बी दुसऱ्याच्या घरी असणे, हाच त्याचा विमा.

शीतकोठ्यांचे महत्त्व आम्ही कमी लेखीत नाही. हैदराबादेजवळ पाटनचेरू येथे १९७२ पासून चालणाऱ्या ‘इक्रिसॅट’मध्ये ज्वारीचे तीस हजारांहून अधिक नमुने गोठवून ठेवले आहेत. दिल्लीला राष्ट्रीय जनुककोश आहे. फार कशाला, आपल्या सुरतेतच, अठवा फार्मवर नवसारी कृषी विद्यापीठाचे मुख्य ज्वारी संशोधन केंद्र आहे. त्याच्या कुंपणावरून रोज जाणाऱ्या हजारो सुरतकरांपैकी कितीजणांना हे ठाऊक असेल? कोठीतले बी सुरक्षित असते, पण ते जेथे थांबले तेथेच थांबते. हवा बदलली, पाऊस मागे-पुढे झाला, नवी कीड आली, तर त्याला कळत नाही. शेतातले बी दरसाल परीक्षेला बसते. दोन्ही हवीत, आणि एकाने दुसऱ्याची जागा घेऊ नये.

शेतातल्या बियाण्याला आधार देण्याचे काम महाराष्ट्रात ज्यांनी मनापासून हाती घेतले, त्यांत ‘बायफ’ या संस्थेचे नाव घ्यावे लागेल. आणि ते घेताना सुरतेचा थोडा अभिमान वाटल्यास वाचक क्षमा करतील. तिचे संस्थापक मणिभाई देसाई हे सुरत जिल्ह्यातल्या कोसमाडा गावचे. १९४६ साली ते महात्मा गांधींबरोबर पुण्याजवळच्या उरुळीकांचनला आले आणि तेथेच राहिले. १९६७ मध्ये त्यांनी ही संस्था काढली. १९८२ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपण खानदेशातून येथे आलो आणि येथला एक तरुण तिकडे जाऊन तिकडचा झाला. या देवघेवीत कोणाचे पारडे जड झाले, ते आम्ही सांगत नाही.

याच संस्थेच्या साहाय्याने अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी भात, नागली, वाल, भाजीपाला यांच्या शेकडो गावरान वाणांची बियाणे-बँक उभी केली. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंना २०२० चा पद्मश्री सन्मान मिळाला आणि ‘बीजमाता’ हे नाव घरोघर गेले. त्यांच्या बँकेची रीत जुन्या सवाई-दिढीचीच: बी न्यावे आणि पीक आल्यावर दुप्पट आणून द्यावे. आपल्याला याहून जवळचे उदाहरण हवे असेल, तर नंदुरबारला उतरून सातपुड्यात चढावे. धडगाव तालुक्यात पावरा आणि भिल्ल शेतकऱ्यांनी पांढऱ्या, पिवळ्या, तांबड्या, जांभळट दाण्यांचे मक्याचे आणि निरनिराळ्या ज्वारीचे वाण राखले असून, तेथील बियाणे संवर्धन समितीला त्यांनी आपल्या याहामोगी देवीचे नाव दिले आहे. एकाच्या घरी पाच, दुसऱ्याच्या घरी सात असे वाण वाटलेले असतात. मिळून गावाजवळ सगळे असतात. राहीबाईंची कीर्ती झाली, हे योग्यच झाले. परंतु एका व्यक्तीच्या कर्तृत्वावर वाण टिकत नाहीत, ते अशा वाटून घेतलेल्या जबाबदारीवर टिकतात, हे वर्तमानपत्रांच्या रकान्यांत थोडे झाकले गेले असे आम्हांला वाटते.

कायदाही या बाबतीत शेतकऱ्याच्या बाजूने आहे. पिकांचे वाण व शेतकऱ्यांचे हक्क यांच्या संरक्षणाचा जो कायदा २००१ साली झाला, त्यात शेतकऱ्याने बी राखणे, पेरणे, अदलाबदल करणे, वाटणे आणि विकणे हा त्याचा हक्क मान्य केलेला आहे; अट एवढीच, की ते छापील नावाच्या पिशवीत घालून विकू नये. वहिनींनी या कायद्याचे नावही ऐकलेले नाही. त्यांच्या पिशवीला छाप नाही, तेव्हा चिंता नाही.

मग अडचण कोठे आहे? अडचण पाखरांची आहे. हे ऐकून हसू येईल, पण पुढचे वाचावे. वहिनींच्या शिवारात पूर्वी सगळेच दादर पेरीत. दाणा भरला की भोरड्यांचे थवे येत, पोपट येत, चिमण्या येत. शंभर एकरांत ती पाखरे विखुरली जात आणि प्रत्येकाचे थोडे थोडे खात. आता आजूबाजूला मका, हरभरा, कापूस, केळी. दादरीचे दोन एकर एकटे उभे असतात. साऱ्या शिवाराची पाखरे त्या दोन एकरांवर उतरतात. पूर्वी माळ्यावर बसून गोफण फिरवायला घरची पोरे असत. ती आता शाळा-कॉलेजात आहेत, आणि रोजंदारीने माणूस ठेवावा तर दोन एकरांचे उत्पन्न त्याच्या मजुरीतच जाते. गेल्या साली निम्मे पीक पाखरांनी नेले. वहिनींना त्याचे वाईट वाटले, पण पाखरांचा राग आला नाही. त्यांना तरी दुसरे ताट कोठे वाढले आहे?

शेजारचे दोघे त्यांच्या बांधाला लागून दोन-दोन एकर दादर पेरतील, तर पाखरे विभागली जातील, मिळून एक राखणदार ठेवता येईल, कडेच्या परागाचीही चिंता कमी होईल. दोघांनाही वहिनी बी द्यायला तयार आहेत. त्यांचा प्रश्न सरळ आहे: एवढी दादर घेणार कोण? बाजारात व्यापारी दाणा पाहून भाव करतो. दादर म्हणून वेगळी कोठे तोलतो? मक्याचे गिऱ्हाईक ठरलेले, पैसे रोख. आजवर वहिनींची ज्वारी आम्ही सुरतेतली अकरा घरे मिळून घेत आलो. गारपिटीचे वर्ष सोडले तर यात खंड नाही. अकरा घरांना आठ क्विंटल लागते. वहिनी आपल्या अहिराणीत स्पष्टच सांगतात, “तुम्ही लेतस, म्हनीसन मी पेरस.” तुम्ही घेता म्हणून मी पेरते, नाही तर त्याही मका लावतील, आणि त्यात त्यांना दोष देण्याचा अधिकार आम्हांला नाही.

तेव्हा गेल्या चैत्रापासून आम्ही घरे जोडण्याच्या मागे लागलो आहो. काम वाटले तितके सोपे नाही. २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले, तेव्हापासून ज्वारीला पुन्हा प्रतिष्ठा आली खरी. पण ती बिस्किटांच्या आणि फुललेल्या पोह्यांच्या पाकिटांवर बसून आली. पाकिटावर सर्व गुण लिहिलेले असतात, फक्त ज्वारी कोणती आणि कोठली तेवढे नसते. ते पाकीट घेणारी मंडळी पन्नास किलोचे पोते दारात पाहून दचकतात. फ्लॅटमध्ये ठेवायचे कोठे? पोरकिडे झाले तर? निवडायचे कोणी? एका सूनबाईंनी तर आम्हांला सौम्यपणे विचारले, की भाकरी थापायची कोणी ते आधी ठरवा. प्रश्न रास्त होता. त्यांच्या सासऱ्यांनी त्यावर भाकरी शिकून घेतली आहे आणि आता ती बऱ्यापैकी गोल येते, असे ऐकतो.

काही तोडगे निघाले. पोते न देता दहा-दहा किलोच्या पिशव्या कराव्यात, आणि सगळे एकदम न आणता पाडव्याला, अक्षय्य तृतीयेला आणि पोळ्याला असे तीनदा आणावे, हे ठरले. गावाहून निघण्यापूर्वी चाळून, उन्हे देऊन कडुनिंबाच्या पाल्यात धान्य भरायचे. त्याची मजुरी भावात धरायची. भाव पेरणीपूर्वी ठरवायचा आणि बाजार उतरला तरी तो खाली आणायचा नाही. वर गेला तर मात्र निम्मा फरक द्यायचा. यावर बरीच वादावादी झाली. आमच्यातल्या व्यापारी मंडळींना हे व्यवहाराला सोडून वाटले. त्यांचे म्हणणे, की असे एकतर्फी बांधून घेतले तर गिऱ्हाईक ते कसले? एका आजींनी त्यांना विचारले, की मुलीच्या सासरी दिवाळी पाठवता, ती बाजारभाव पाहून पाठवता का? त्यानंतर तो विषय पुन्हा निघाला नाही.

गिरणीचीही एक अडचण होती. येथल्या चक्क्यांवर गहू आणि बेसन अखंड चालते. ज्वारी मध्येच दळली तर पहिले दोन किलो पीठ मिसळीचे येते आणि भाकरी फुटते. एका गिरणीवाल्याने आता बुधवारी सकाळचा पहिला तास ज्वारीला दिला आहे. तो स्वतः काठेवाडकडला. बाजरीच्या रोटल्यावर वाढलेला. ‘तमारी आ जुवार जुदी छे’ असे त्याने पीठ बोटांत चोळून आपणहून म्हटले, तेव्हा आम्हांला पुरस्कार मिळाल्यासारखे वाटले. आता त्याचेही घर यादीत आहे.

यादीत आजमितीला सतरा घरे झाली आहेत. वहिनींच्या पूर्वेच्या शेजाऱ्याने होकार दिला आहे. त्याला लागणारे बी त्याने नेऊनही ठेवले, सवाईच्या बोलीने. पश्चिमेचा शेजारी अजून मक्याच्या बाजूने आहे, आणि त्याचे गणित चुकीचे आहे असे आम्ही म्हणू शकत नाही. त्याला हमी द्यायची तर आणखी आठ-नऊ घरे हवीत. दादरीची पेरणी पाऊस उघडला की होते. जमीन मोकळी ठेवायची की नाही, हे त्याला पोळ्यापर्यंत कळवावे लागेल. उधन्यातली तीन घरे ‘विचारून सांगतो’ म्हणाली आहेत. डिंडोलीत एक महिला भजनी मंडळ आहे, त्यांच्याकडे येत्या एकादशीला नमुन्याचे पाच किलो पीठ घेऊन जायचे आहे. ते बुधवारी दळून ठेवले आहे.